इंटरनेट, लँडलाईन आणि मोबाईल एकाच बिलात: घ्यायचं की नाही?

प्रश्न: आम्ही गोव्यात, डिचोली तालुक्यात राहतो. घर जुनं, चिऱ्यांचं. गावातल्या केबलवाल्याचं ५० एमबीपीएसचं इंटरनेट आहे, महिन्याला ६०० रुपये अधिक जीएसटी. सासऱ्यांनी घेतलेली तांब्याच्या तारेची लँडलाईन अजून चालू आहे, तिचं बिल करासकट २५०च्या आसपास येतं. माझा आणि मिस्टरांचा मोबाईल प्रीपेड, दोघांचं ८४ दिवसांचं ८५९चं रिचार्ज. सासूबाईंचं २८ दिवसांचं २९९चं. मुलगा बोटीवर असतो, त्याचं इथलं सिम चालू ठेवावं लागतं. परवा एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. १०० एमबीपीएस फायबर, त्यावरच लँडलाईन, दोन पोस्टपेड सिम आणि टीव्हीवरची ॲप्स, सगळं मिळून १,४९९ रुपये. वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट. महिन्याला चारशे रुपये वाचतील म्हणतो. घ्यावं का?

उत्तर: आहे त्या स्वरूपात घेऊ नका. फायबर हवं असेल तर खुशाल घ्या, पण मोबाईल नंबर त्यात गुंतवू नका. तांब्याच्या तारा जोडण्यापासून फायबर ओढण्यापर्यंत सगळी कामं केलेली असल्यामुळे हे जरा ठामपणे सांगतोय. कारणं खाली देतो.

सुरुवात त्या चारशे रुपयांपासून. आज तुमचा खर्च असा: इंटरनेट जीएसटी धरून ७०८. लँडलाईन २५०. ८५९ला ८४ दिवस म्हणजे ३० दिवसांना साधारण ३०७, दोघांचे ६१४. सासूबाईंचे २८ दिवसांना २९९, म्हणजे ३० दिवसांना ३२०. एकूण १,८९२. यातून १,४९९ वजा केले की चारशेच्या आसपास उरतात, आणि त्या माणसाने तेच तुम्हाला दाखवलं. पण १,४९९वर १८ टक्के जीएसटी लागला की ते १,७६९ होतात. तुमच्या रिचार्जच्या आकड्यांत कर आधीच धरलेला आहे, त्याच्या आकड्यात नाही. शिवाय पॅकेजमध्ये सिम दोनच, सासूबाईंचे ३२० वेगळे चालूच राहणार. म्हणजे झाले २,०८९. वाचायचं राहिलं बाजूला, महिन्याला दोनशे रुपये जास्तच जातात.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर? अकरा महिन्यांचे साडेएकोणीस हजार आज हातातून जाणार आणि महिन्याची सरासरी सासूबाईंसह १,९४२वर येणार. तरीही आजच्यापेक्षा पन्नास रुपये वरच. आणि तो फुकटचा महिना पूर्ण बिलाला आहे की फक्त इंटरनेटच्या भागाला, हे विचारलंत का? बहुतेक ठिकाणी ही ओळ बारीक अक्षरात असते.

दोनशे रुपये जास्त देऊन तुम्हाला दुप्पट वेग आणि ॲप्स मिळतात, हे मान्य. पण ती ॲप्स टीव्हीवर चालणारी आहेत की फक्त मोबाईलच्या पडद्यावर, हे बघून घ्या. एकाच ॲपची दोन-तीन प्रकारची वर्गणी असते आणि पॅकेजात बहुधा सगळ्यात हलकी टाकलेली असते. जे ॲप तुम्ही कधी स्वतःच्या पैशाने घेतलं नसतं, त्याची किंमत हिशेबात शून्य धरा.

वेगाबद्दल थोडंसं. तुमच्या घरात अडचण ५० किंवा १००ची नसणार, भिंतींची असणार. चिऱ्याची दीड फुटी भिंत वायफाय अक्षरशः गिळून टाकते. राउटर पडवीत आणि सासूबाई मागच्या खोलीत असतील तर १००च्या प्लॅनमध्येही तिथे दहा-बारा मिळाले तरी खूप झालं. त्यापेक्षा राउटर घराच्या मधोमध आणा, किंवा मागच्या बाजूला लॅन केबल ओढून तिथे दुसरा साधा राउटर लावा. हे काम एकदाच करावं लागतं, आणि आजच्या ५०च्या कनेक्शनवरही त्याने फरक पडतो.

'फायबर' म्हणजे खरोखर तार आहे का, हेही विचारा. सप्टेंबर २०२३पासून जिओने एअरफायबर आणलं, एअरटेलचंही त्याच सुमारास आलं. त्यात छतावर ५जीचा अँटेना बसवतात, घरापर्यंत काचेची तार येतच नाही. जिथे केबल पोचलेली नाही तिथे ती चांगली सोय आहे, पण विक्रेते दोन्हींना सरसकट 'फायबर' म्हणतात. तारेच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबी मिळत असतील, तर हवेतल्यामध्ये बऱ्याचदा १,००० जीबीच असतात. आणि तुमच्याकडे माड, फणस, आंबे किती आहेत त्यावर अँटेनाचं नशीब ठरतं.

आता लँडलाईन. या पॅकेजातली हीच गोष्ट लोक सगळ्यात कमी तपासतात, म्हणून यावर जरा थांबतो.

तुमची जुनी लाईन तांब्याची आहे. तिला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने येते, ४८ व्होल्टची, आणि एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात. म्हणून जून-जुलैत अख्ख्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, वीज गेली तरी तो फोन वाजतो. फायबरवरची लँडलाईन म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन. भिंतीवरच्या डब्याची, म्हणजे ओएनटीची वीज गेली की फोन मेला. पावसात आपल्याकडे वीज किती वेळा आणि किती वेळ जाते हे मी डिचोलीकरांना सांगायला नको. घरात वयस्कर माणसं असतील तर ही बारीकसारीक बाब नाही.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. राउटरसाठीचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी ॲडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर, दीड की दोन. त्याप्रमाणे घ्या. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही पुरेल असा घ्या, नाहीतर एक चालू आणि एक बंद, फोन काही लागत नाही. चांगला यूपीएस तीन-चार तास काढतो.

पण एक अडचण उरते. तुमच्याकडे वीज असूनही वाटेत कुठे नसेल तर? कंपन्या बहुतेक जीपॉन पद्धत वापरतात. तिच्यात एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मधले स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या अनेक वाटा करणारे डबे, विजेशिवाय चालतात, त्यामुळे गावात अंधार असला तरी घरचा यूपीएस पुरतो. काही छोटे केबलवाले मात्र अजून कुणाच्या तरी व्हरांड्यात स्विच, म्हणजे इंटरनेट वाटून देणारा विजेवरचा डबा, ठेवून पुढे कनेक्शनं देतात. त्या व्हरांड्यातली वीज गेली की अख्ख्या वाड्याचं इंटरनेट जातं, तुमचा यूपीएस नुसता दिवे लावत बसतो. तुमच्या केबलवाल्याला सरळ विचारा: मध्ये स्विच आहे का, आणि असल्यास त्याला बॅकअप आहे का. तो लपवणार नाही.

दुसरं, नंबर. मोबाईल नंबर पोर्ट करता येतो, देशभर २०११पासून ती सोय आहे. लँडलाईनचा नंबर मात्र आपल्याकडे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. नवी कंपनी ०८३२ लावून नवा नंबर देईल. सासऱ्यांच्या वेळचा नंबर नातेवाइकांच्या वहीत, देवस्थानच्या यादीत, बँकेच्या कागदांवर असेल. तो जाऊ द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण विक्रेता "लँडलाईन पण देतो" म्हणतो तेव्हा तो ही लँडलाईन देत नसतो, हे लक्षात असू द्या. तुमची लाईन बीएसएनएलची असेल तर तोच नंबर त्यांच्या फायबरवर चढवून मिळतो का, हे आधी एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारा. बऱ्याच ठिकाणी करून देतात. तांब्याच्या जोडांत दर पावसाळ्यात पाणी शिरून खरखर येते, तीही त्याने मिटेल. आणि लाईन बंदच करायची झाली तर अनामत रक्कम परत मागायला विसरू नका. लोक विसरतात.

मुळात लँडलाईन कशासाठी हवी, हाही प्रश्न आहे. जाड भिंतींमुळे घरात मोबाईलला रेंज नाही म्हणून हवी असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून बघा. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये ते आणलं. घरातल्या वायफायवरून नेहमीच्याच नंबराने फोन लागतो आणि येतो, वेगळे पैसे नाहीत. काही विक्रेते सांगतात की आमचंच इंटरनेट आणि आमचंच सिम असेल तरच हे चालतं. तसं नाही. तुमच्या केबलवाल्याच्या वायफायवरही चालतं, फक्त हँडसेटमध्ये ती सोय हवी. मागच्या खोलीत बसून एकदा करून बघा, मग पॅकेजबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप गळतील.

आता मोबाईल नंबर का गुंतवू नका म्हणालो ते. एकाच बिलाचा अर्थ एकच थकबाकी. समजा फायबर आठ दिवस बंद पडलं, तुम्ही चिडून म्हणालात की तक्रार मिटेपर्यंत पैसे देणार नाही. सुटं इंटरनेट असतं तर फार तर तेच तोडलं असतं. एकत्र बिलात पोस्टपेड सिमची सेवाही थांबते, आणि बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. गॅसचं बुकिंग, वीज खात्याचं बिल, आधारचं काम, सगळं त्या नंबरावर. म्हणजे तक्रार रास्त असूनही तुम्हाला मुकाट्याने बिल भरावं लागतं. एका ओळखीच्या घरात अगदी हेच झालं. वाद राउटरच्या भाड्याचा होता, आणि बंद झाला तो वडिलांच्या पेन्शनशी जोडलेला मोबाईल.

आणि बिघाडही जोडीने येतो. मोबाईलच्या टॉवरलासुद्धा मागून फायबरच जोडलेलं असतं, आणि तुमच्या भागातला टॉवर व तुमच्या घरची लाईन पुष्कळदा एकाच कंपनीच्या एकाच मुख्य केबलवर असतात. भूमिगत वीजवाहिनीसाठी जेसीबीने रस्ता खणला, केबल कापली गेली, की घरचं इंटरनेट, लँडलाईन आणि मोबाईल तिन्ही एकदम गप्प. घरात तार एका कंपनीची आणि मोबाईल दुसऱ्या कंपनीचा असेल तर निदान तक्रार नोंदवायला तरी फोन लागतो. खेड्यात राहणाऱ्याने दोन वेगळ्या वाटा ठेवाव्यात, त्यासाठी शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी चालतील. तुमच्या बाबतीत तर ते जातही नाहीत.

याच ओघात केबल कुठून येते तेही बघा. गोव्यात बऱ्याच केबली वीज खात्याच्या खांबांवरून ओढलेल्या आहेत, आणि परवानगी नसेल तर खातं त्या कापू शकतं. मग दोष कुणाचा यावर दोघे वाद घालतात आणि तुम्ही वाट बघत बसता. हे लहान केबलवाल्याला लागू आहे तसंच मोठ्या कंपनीलाही. शेजारी कुणाकडे त्या कंपनीचं कनेक्शन असेल तर त्यांना एकच विचारा: मागच्या पावसाळ्यात केबलवर माडाचं चूडत (झावळी) पडून लाईन तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? जाहिरातीतल्या वेगापेक्षा हा आकडा जास्त कामाचा. गावातल्या केबलवाल्याच्या बाजूने एवढं म्हणेन की तो रात्री नऊ वाजता घरी जाऊन पकडता येतो.

फायबर घ्यायचं ठरवलंत तर बसवायच्या दिवशी एक गोष्ट समोर उभं राहून बघा. तंत्रज्ञाकडे तारेतून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजणारं, हातात मावेल एवढं पॉवर मीटर असतं. तार ओएनटीला लावण्याआधी तिचं टोक तो त्यात घालतो आणि पडद्यावर वजा चिन्हातला आकडा येतो. "पॉवर किती येते?" असं विचारा. वजा १८, वजा २० किंवा २२ दिसलं तर उत्तम. वजा २५च्या पुढे गेलं तर वाटेत जोड नीट नाही किंवा तार कुठेतरी काटकोनात दुमडली आहे. वजा २७-२८ला चालू तर होईल, पण पहिल्या वादळात ओएनटीवर लाल दिवा लागेल. त्याच वेळी जोड पुन्हा करून घ्या. एकदा तो माणूस मोटरसायकलवर बसला की परत बोलवायला तक्रार क्रमांक लागतो. आकड्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे लाईन बिघडली तर तुलनेला उपयोगी पडतो.

राउटर फुकट आहे, भाड्याने आहे की अनामतीवर, आणि कनेक्शन सोडताना परत न केल्यास किती कापतात, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर मेसेज आला तरी चालेल, तोंडी नको. बाहेरून बघता येणारा सीसीटीव्ही असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो का तेही विचारा.

पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे आहेत. घरात वायफाय असताना तुम्ही एकाच डेटाचे दोनदा पैसे देताय. मिस्टर दिवसभर बाहेर असतात, त्यांना दीड जीबी लागत असेल. पण सासूबाई घरीच असतात, त्यांना रोजचा एक जीबी कशाला? डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची रिचार्ज देणं बंधनकारक केलं. ८४ दिवसांचं असं रिचार्ज साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात पडतं. म्हणजे त्यांच्या ३२०चे महिन्याला १६०-१७० होतात आणि दर २८ दिवसांनी आठवण ठेवायची कटकटही जाते. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. ही रिचार्ज कंपनीच्या ॲपमध्ये पुढे दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावी लागतात. तुम्ही स्वतः शाळेत किंवा नोकरीवर वायफायवर असाल तर तुमचंही असंच करता येईल.

मुलाचं सिम मात्र कुठल्याही पॅकेजात घालू नका, पोस्टपेड तर अजिबात करू नका. बोटीवर असताना चुकून डेटा रोमिंग चालू राहिलं किंवा जहाजावरच्या नेटवर्कला फोन जोडला गेला, तर एका दिवसात हजारोंचं बिल येऊ शकतं. एकत्र बिल असेल तर ते घरच्या इंटरनेटच्याच बिलात येऊन बसतं. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की विषय संपला. ते सिम ९० दिवस अजिबात वापरलं गेलं नाही तर बंद होऊ शकतं, म्हणून मुख्य खात्यात निदान २० रुपये राहतील असं बघा, म्हणजे ते कापून नंबर आणखी महिनाभर राखला जातो. ओटीपीचे एसएमएस यावेत म्हणून वैधता असलेलं स्वस्तातलं रिचार्ज चालू असलेलं बरं.

असं पॅकेज कुणीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पणजीजवळच्या पर्वरी किंवा ताळगावच्या फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब, घरात चार पोस्टपेड मोबाईल, मुलगी पुण्याला शिकतेय, सगळे आधीपासून त्याच कंपनीचे आणि घरात रेंज चांगली. त्यांना जादा सिम स्वस्तात पडतं, चार बिलांचं एक होतं. पुण्याच्या सिमचीही अडचण नाही, कारण दूरसंचारच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये आहे. इमारतीत दोन-तीन कंपन्यांच्या तारा आलेल्या असतात, त्यामुळे सोडून जायची धमकी खरी वाटते. तुमच्या वाड्यावर ती सोय नाही.

एवढं सगळं वाचूनही त्या कंपनीचं फायबर आवडलं असेल तर फक्त इंटरनेटचा सुटा प्लॅन मागा, महिन्याच्या बोलीवर. पॅकेजवाल्यांकडे तो असतोच, दाखवत नाहीत. केबलवाल्याचं कनेक्शन तेवढा काळ तोडू नका, मधला एखादा पाऊस जाऊ द्या. मोबाईल पोर्ट करायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी. पोर्ट केल्यावर ९० दिवस दुसरीकडे जाता येत नाही, आणि विक्रेता नेमकं तेच पहिल्या दिवशी उरकायला बघतो: तुमच्या फोनवरून १९००ला एसएमएस पाठवून कोड घेतो. त्याला फोन हातात देऊ नका.

बिघाड झाल्यावर नुसता फोन करून थांबू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. लाईनचा बिघाड तीन दिवसांपुढे रेंगाळला तर ट्रायच्या नियमांप्रमाणे भाड्यात सूट मागता येते, पण बहुतेकदा मागितल्याशिवाय मिळत नाही. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चालतात असं स्पष्ट केलं आहे. तिथे तुमच्या हातात लागतील ते डॉकेट नंबर, तारखा, पहिल्या दिवशीचा पॉवर मीटरचा फोटो आणि विक्रेत्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज.